ओढ्याला पाणी कधीपर्यंत?

सॅमन मासा उडी मारतो. रस्त्याखालची मोरी माशांना पार करता येते की नाही, हे ठरवायचे कॅलिफोर्नियातले नियम बरेचसे या एका गोष्टीवर बेतलेले आहेत. मोरीच्या तोंडातून पाणी खालच्या डोहात पडतं, तिथली पायरी मोठ्या सॅमनसाठी एक फुटापर्यंत चालते, पिल्लांसाठी सहा इंचांपर्यंत. मी गेली काही वर्षं हेच काम करते आहे. लेव्हल आणि स्टाफ, म्हणजे उंची मोजायची पट्टी, घेऊन ओढ्यात उतरायचं, तळाचे चढउतार मोजायचे, मोरीचा उतार, पाण्याची खोली आणि वेग काढायचा आणि शेवटी मोरीला रंग द्यायचा. हिरवा म्हणजे मासा जातो, लाल म्हणजे जात नाही, करडा म्हणजे आणखी हिशेब करून बघा. सिव्हिल इंजिनिअर होऊन अमेरिकेत काय करतेस, असं गावाकडे कुणी विचारलं की मी "मोऱ्या बघते" एवढंच सांगते. बाबा सरकारी नोकरीत ओव्हरसीअर होते, आयुष्यभर मोऱ्या बांधल्या. त्यामुळे घरात या उत्तराचं कुणाला नवल वाटत नाही.

क्लिअर लेक नावाच्या तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांवरचं काम आमच्या कचेरीकडे आलं, तेव्हा याच नियमांचे तक्ते घेऊन आम्ही तिथे गेलो. तळ्याकाठी पोमो लोकांच्या रँचेरिया आहेत, म्हणजे मूळ रहिवाशांच्या छोट्या राखीव वस्त्या. त्यातल्या एका वस्तीच्या पर्यावरण विभागातल्या एक बाई पहिल्या बैठकीला होत्या. वय साठीच्या पुढचं, पायात कमरेपर्यंतचे गमबूट, आणि बोलणं अगदी मोजकं. आमचा तक्ता त्यांनी शांतपणे वाचला आणि म्हणाल्या, "हा उडी मारणाऱ्यांचा तक्ता आहे. आमचा मासा उडी मारत नाही."

त्यांचा मासा म्हणजे क्लिअर लेक हिच. पोमो लोक त्याला 'ची' म्हणतात, आणि जॉन हॉपकर्क या अभ्यासकाने १९७३ मध्ये या उपजातीचं वर्णन केलं तेव्हा शास्त्रीय नावातही तेच ठेवलं. मिनो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशांपैकी हा एक, आपल्या रोहू-कटल्याचा लांबचा भाऊबंद. जगात फक्त या एका तळ्यात आणि त्याला मिळणाऱ्या ओढ्यांत सापडतो. पूर्ण वाढलेला मासा दीड वीत भरतो. अंग चपटं, चंदेरी, डोकं लहान, तोंड किंचित वर वळलेलं आणि शेपटीच्या मुळाशी एकदम बारीक. दिसायला देखणा म्हणावा असा काही नाही. गळाला लावून फोटो काढावा असाही नाही, आणि त्याच्या नशिबातला अर्धा घोटाळा मला वाटतं इथेच आहे. या तळ्याची ख्याती आहे ती लार्जमाउथ बास या माशासाठी. तो बाहेरून आणून सोडलेला. त्याच्या स्पर्धा भरतात, बक्षिसं लागतात, हॉटेलं भरतात. बास हिचला खातो.

सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला अडीच-तीन तास गाडी चालवली, द्राक्षमळ्यांचे डोंगर ओलांडले की हे तळं लागतं. सुमारे १७५ चौरस किलोमीटर पसरलेलं. टाहो तळं याहून मोठं खरं, पण त्याचा काही भाग नेवाडात जातो. सगळंच्या सगळं कॅलिफोर्नियात असलेलं सर्वांत मोठं नैसर्गिक गोडं तळं हेच. काठावर कोनॉक्टी हा ज्वालामुखीचा डोंगर आहे. उत्तर अमेरिकेतलं हे सर्वांत जुनं तळं मानतात, आणि त्याचं कारण मला इंजिनिअर म्हणून फार आवडतं. कुठलंही तळं गाळाने भरत जातं आणि कधीतरी संपतं. इथे खालचा खडक कलत, खचत जातो तो साधारण गाळ साचण्याच्याच गतीने, म्हणून तळं भरतच नाही. तळाशी भोक पाडून गाळाचा नमुना काढला तेव्हा जवळजवळ पाच लाख वर्षांचा सलग गाळ मिळाला. एवढ्या काळात इथल्या माशांनी आपापली वेगळी घडण धरली. हिच त्यातलाच.

नाव क्लिअर असलं तरी पाणी स्वच्छ म्हणजे नितळ कधी फारसं नव्हतं. तळं उथळ, सरासरी खोली आठेक मीटर. उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचा जाड थर काठाला येऊन लागतो आणि वास असा सुटतो की हॉटेलच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. आणखी एक गंमत आहे, जी महाराष्ट्रातल्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. तळ्यातून बाहेर पडणाऱ्या कॅश क्रीकवर १९१४ मध्ये धरण बांधलं गेलं, आणि तळ्यातल्या पाण्याच्या वरच्या थराचा हक्क आहे खालच्या योलो जिल्ह्यातल्या शेतीला. काठावरची गावं पाणी बघतात, पिकं दुसरीकडे उभी राहतात.

हिचचं बहुतेक आयुष्य तळ्याच्या मोकळ्या पाण्यात जातं. बारीक प्राणिप्लवंग खायचे, किडे खायचे. पण अंडी घालायला त्याला ओढा लागतो. फेब्रुवारी संपता संपता डोंगरात पाऊस झाला, ओढे वाहते झाले आणि पाणी चौदा-पंधरा अंशांपर्यंत उबदार झालं की मासे तळ्यातून वर निघतात. केल्सी क्रीक, अडोबी क्रीक, मिडल क्रीक, स्कॉट्स क्रीक अशा ओढ्यांतून. मे महिन्यापर्यंत हे चालतं. मादी सरासरी ३६,००० अंडी घालते, तीही घरटं वगैरे न करता, स्वच्छ बारीक खडीवर नुसती सोडून देते. चार-पाच नर तिच्यामागे असतात. अंडी चिकट नसतात. ती पाणी शोषून फुगतात आणि खडीच्या फटींत बसतात. आठवडाभरात फुटतात, आणखी तीन-चार दिवसांनी पिल्लं पोहायला लागतात. मग त्यांनी प्रवाहाबरोबर तळ्यात उतरायचं आणि काठच्या टूली नावाच्या लव्हाळ्यात दोन-अडीच महिने लपून मोठं व्हायचं.

त्या बाईंबरोबर मी पहिल्यांदा हे चढणं पाहिलं ते पहाटे. ओढा तसा किरकोळ, घोट्याच्या वर पाणी. लांबून आधी आवाज आला. पाऊस पडतोय म्हणावं तर आकाश मोकळं होतं. वळणावर आलो तर उथळ पाण्यात शेकडो मासे होते, पाठी पाण्याबाहेर, अंग घासत, खडीवरून सरपटत म्हणावं असे वर चाललेले. दोन्ही काठांवर बगळे आधीच येऊन उभे होते, त्यांना कुणी निरोप द्यावा लागत नाही. बाई पुलावर उभ्या राहून हातातल्या यंत्राची कळ दाबत मोजत होत्या. अशी मोजणी इथे २००५ पासून स्थानिक स्वयंसेवक करत आले आहेत. आता रँचेरियांचे लोक माशांच्या अंगात तांदळाएवढ्या खुणेच्या चिपा घालून कुठला मासा कुठल्या ओढ्यात परत आला तेही बघतात. मी काहीतरी कौतुकाचं बोलले असेन. त्या म्हणाल्या, "हे काहीच नाही. माझी आजी सांगायची, माशांच्या पाठीवरून चालत ओढा ओलांडावा एवढे असायचे." ही गोष्ट पुढे मला तिथल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनी सांगितली, पोमोंनी आणि गोऱ्या शेतकऱ्यांनीही. पोमो लोक या दिवसांत ओढ्याकाठी मुक्काम टाकत, टोपल्यांनी आणि बांध घालून मासे धरत, वाळवून वर्षभराला ठेवत आणि आतल्या भागातल्या लोकांशी त्याचा व्यवहार करत. पैशासारखाच चालायचा तो, असं बाई म्हणाल्या.

केल्सी क्रीकच्या काठावर काम करताना ते नाव लिहायला मला नंतर नंतर जड जायला लागलं. अँड्र्यू केल्सी आणि चार्ल्स स्टोन या दोघा जमीनदारांनी १८४७ नंतर इथल्या पोमोंना गुलामासारखं राबवलं, उपाशी ठेवलं, छळलं. १८४९ च्या शेवटी पोमोंनी त्या दोघांना मारलं. त्याचा सूड म्हणून मे १८५० मध्ये अमेरिकी सैन्याने तळ्याच्या उत्तर टोकाच्या एका बेटावर बायका-मुलांसकट लोक कापून काढले. त्यांचा मूळ गुन्ह्याशी संबंध होता की नाही हेही कुणी पाहिलं नाही. त्या जागेला आज ब्लडी आयलंड म्हणतात. पण ते बेट उरलेलं नाही. भोवतालची दलदल बांध घालून, पाणी उपसून शेतीला घेतली, त्यामुळे आता तिथे कोरड्या शेतातली एक टेकडी तेवढी दिसते. ज्या लव्हाळ्यात हिचची पिल्लं वाढायची ती पाणथळ जमीन बहुतेक अशीच गेली. ओढ्याला आणि गावाला मात्र केल्सीचं नाव आहे. गावाचं नाव बदलावं अशी मागणी आहे आणि तिला विरोधही तितकाच जोरात आहे.

आता माझ्या कामाकडे येते. मोरीखाली पायरी तयार होते ती कुणी मुद्दाम बांधत नाही. ओढ्याची रुंदी पंधरा फूट असते आणि आपण खर्च वाचवायला चार फुटी पाइप टाकतो. पुराचं सगळं पाणी त्या चार फुटांतून जायला बघतं, साहजिकच वेग वाढतो. पाइपमधून ते तोफेसारखं बाहेर पडतं आणि पलीकडचा तळ खणून काढतं. पाचदहा पावसाळ्यांत पाइपाचं तोंड हवेत लटकतं. मग खाली काँक्रीटचा थर घालतात, त्याला ॲप्रन म्हणतात. मग ॲप्रनच्या कडेला धूप होते. म्हणजे आधी एक पायरी होती ती पुढे सरकली, एवढंच. ॲप्रनवर पाणी पातळ पसरतं, बोटभर खोली. मासा कसाबसा पायरी चढलाच तर वर पोहायला पाणी नाही.

सॅमनला यातून वाट काढता येते, कारण पायरीखाली खोल डोह असला की तो त्यात वेग घेतो आणि उसळतो. हिच तसं करत नाही. तो पायरीपाशी येतो, नाक लावतो, मागे वळतो, पुन्हा येतो. तिथे गर्दी साचते. मग पाणकावळ्यापासून रॅकूनपर्यंत आणि गरुडापासून पाणमांजरापर्यंत सगळ्यांची चंगळ. केल्सीव्हिल गावात मुख्य रस्त्याच्या पुलाखाली माशांसाठी शिडी आहे, कागदावर अगदी व्यवस्थित, पण या माशाला ती चढायला जड जाते. ज्या मोऱ्यांना आमच्या जुन्या तक्त्यात हिरवा रंग मिळाला असता त्यातल्या कित्येकींना हिचच्या हिशेबाने लाल द्यावा लागला. एका गावरस्त्यावरच्या मोरीची पायरी माझ्या स्टाफवर आठ इंच भरली. तिच्या वर कित्येक किलोमीटर उत्तम खडी, सावली, थंड पाणी. खाली आठ इंच काँक्रीट.

अशा मोरीवर इलाज आहेत. पैसे असले तर पाइप काढून तळ नसलेली कमान बसवायची, ओढ्याचा मूळ तळ तसाच ठेवायचा. पैसे नसले तर खालच्या अंगाला दगड रचून हळूहळू चढणारा उतार करायचा, म्हणजे पायरी बुडते. हा दुसरा इलाज करायला मला मनापासून आवडतं. दगड निवडताना, कुठला कुठे बसेल ते बघताना इंजिनिअर आणि गवंडी यांतला फरक संपतो. पण मोरी सुधारली की काम झालं, असा ज्याचा समज असेल त्याने एप्रिलच्या अखेरीला क्लिअर लेकच्या ओढ्यांवर यावं.

एप्रिलच्या अखेरीला ओढे आटतात. ते पूर्वीही आटायचे, हा काही बारमाही मुलूख नाही. प्रश्न तारखेचा आहे. उशिरा चढलेल्या माद्यांनी एप्रिलच्या मध्याला अंडी घातली तर पिल्लं तळ्यात पोचेपर्यंत मे उजाडतो. ओढा मेच्या शेवटपर्यंत वाहिला तर सगळं ठीक. तोच ओढा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तुटला, म्हणजे वाहत्या ओढ्याची सुटी डबकी झाली, तर त्या वर्षीची पिल्लं गेली. पिल्लंच नव्हे, परतीच्या वाटेवरचे मोठे मासेही डबक्यात अडकतात. पाणी तापतं, बगळे येतात. बादल्या आणि जाळी घेऊन रँचेरियाची आणि सरकारी मत्स्य विभागाची माणसं धावतात, जमतील तेवढे मासे उचलून तळ्यात सोडतात. मीही त्यात उभी राहिले आहे. हे काम करताना माणसाला पुण्य केल्यासारखं वाटतं, म्हणूनच त्यावर फार विश्वास ठेवू नये. हजारो पिल्लं असतात ती मिलिमीटरमधली, ती बादलीत येत नाहीत.

ओढा लवकर का तुटतो याचं उत्तर ओढ्यात उभं राहून मिळत नाही, काठावर चढावं लागतं. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे, पेअरच्या बागा आणि विहिरी आहेत. विहिरीचं पाणी आणि ओढ्याचं पाणी कायद्याने वेगळं, पण जमिनीखाली ते एकच आहे. विहीर खाली गेली की ओढा आत झिरपतो. त्यातही मार्च-एप्रिलमधल्या थंड रात्री वाईट. द्राक्षाला नुकते डोळे फुटलेले असतात आणि हिमकण पडायची भीती असते. तेव्हा शेतकरी रात्रभर तुषारसंच चालवतात. पाणी कोंबावर गोठतं आणि गोठताना जी उष्णता सोडतं त्यावर कोंब तगून राहतो. ही युक्ती शास्त्रशुद्ध आहे, तिला हसण्यात अर्थ नाही. पण खोऱ्यातले सगळे पंप एकाच रात्री, एकाच वेळी सुरू होतात, आणि ती रात्र नेमकी माशांच्या चढणीतली असते. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला हे ताबडतोब कळेल. पहाटे शेकोट्या पेटवून बाग वाचवणं काय असतं ते त्याला ठाऊक आहे.

एका पेअरवाल्या शेतकऱ्याशी याबद्दल बोलणं झालं होतं. भला माणूस. त्याचा आजा याच ओढ्यातून हिच काढून बागेला खत म्हणून घालायचा, असं त्याने मला हसत सांगितलं, आणि मग गप्प झाला. त्याचं म्हणणं असं की वर्षाचा हिशेब काढा, आम्ही ओढ्याच्या पाण्यातला किती थोडा भाग घेतो ते दिसेल. हिशेब बरोबर होता. पावसाळ्यात ओढा हजार क्युसेकने वाहतो, त्यापुढे त्याचा पंप कुठे. पण आम्हा इंजिनिअरांना आणि शेतकऱ्यांना सवय असते ती एकूण पाणी मोजायची. एवढे घनफूट, एवढे एकर-फूट. माशाला एकूण पाण्याशी कर्तव्य नाही. त्याला एप्रिल-मे मध्ये घोटाभर पाणी पाहिजे, सलग, मधे न तुटता. जानेवारीतला पूर त्याच्या कामाचा नाही. पुढे काही शेतकऱ्यांनी तुषारसंचाऐवजी मोठे पंखे लावले, जे वरची उबदार हवा खाली ढकलतात. काहींनी पंप चालवायच्या वेळा वाटून घेतल्या. मला या साध्या तडजोडींचं मोल मोरीच्या दगडी उतारापेक्षा जास्त वाटतं, आणि हे मी मोरीवर पोट भरणारी बाई सांगते आहे.

तळ्यातला इतिहासही काही बरा नाही. तळ्यावर चिलटांचे ढग उठायचे. चावत नव्हती, नुसता त्रास. पर्यटक वैतागतात म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ साली तळ्यात डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी ओतलं गेलं. ते माशांच्या चरबीत साठत गेलं आणि मासे खाणारे ग्रीब पक्षी मेले. रेचल कार्सनच्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये या तळ्याची हकिगत आहे ती यामुळे. मग १९६७ मध्ये चिलटं खायला सिल्व्हरसाइड नावाचा मासा आणून सोडला. तो हिचचंच खाणं खातो. काठावर गंधकाची आणि पाऱ्याची जुनी खाण आहे, १९५७ मध्ये बंद झालेली. तिचा पारा अजून तळ्यात उतरतो. याच तळ्यात स्प्लिटटेल नावाचा आणखी एक मिनो होता, तोही वसंतात ओढ्यांत चढायचा. तो १९७० च्या दशकानंतर कुणाला दिसलेला नाही. दोघांची सवय एकच. स्प्लिटटेलला हिचपेक्षा थोडे कमी दिवस मिळाले, इतकंच.

हिचचा कागदोपत्री प्रवासही ओढ्यासारखाच तुटक आहे. पर्यावरणवाद्यांनी २०१२ मध्ये राज्य आणि केंद्र दोघांकडे अर्ज केला. कॅलिफोर्निया राज्याने २०१४ मध्ये हिचला 'धोक्यात' असं जाहीर केलं. केंद्राने २०२० मध्ये नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं. मधे २०२० ते २०२२ ची कोरडी वर्षं आली, ओढे वेळेआधी तुटले, तळ्यात तरुण मासे सापडेनासे झाले. हिच फार तर सहा-सात वर्षं जगतो, म्हणजे सलग दुष्काळाची काही वर्षं एक अख्खी पिढी गिळू शकतात. २०२३ च्या सुरुवातीला तिथल्या जिल्हा मंडळाने माशासाठी आणीबाणी जाहीर केली. मासा संपतोय म्हणून जिल्ह्याने आणीबाणी जाहीर केल्याचं मी तरी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्याच हिवाळ्यात धो धो पाऊस झाला आणि वसंतात मासे असे चढले की बाईंनी मला फोन करून "ये" एवढंच सांगितलं. काही ठिकाणी पूर ओसरताना ते शेतात अडकले आणि पुन्हा बादल्या निघाल्या. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या वन्यजीव खात्यानेही त्याला धोक्यातल्या जातींच्या यादीत घालायचा प्रस्ताव मांडला.

चांगल्या पावसाच्या वर्षी मासे परत येतात, हे पाहून काही लोक म्हणतात, मग ओरडा कशाला. मला तो मुद्दा नेमका उलटा दिसतो. पाणी मिळालं की हा मासा येतो, म्हणजे त्याच्यात अजून दम आहे. त्याला प्रयोगशाळा, हॅचरी, वाचवण्याचे महागडे आराखडे लागत नाहीत. फक्त वाहता ओढा हवा आणि त्यात मधे काँक्रीटची कड नको. एवढ्या स्वस्तात वाचणारी जात आपण घालवली तर त्याला दुष्काळाचं नाव देणं खोटेपणाचं होईल.

हे सगळं मी मराठीत लिहायचं कारण देवरुखच्या बाजूचे आमचे पऱ्हे, म्हणजे ओढे. मृगाचा पाऊस पडला की आमच्याकडे चढणीचे मासे येतात, रायगड-ठाण्याकडे त्यालाच वलगण म्हणतात. खवळे, मळे, शिंगटी नदीतून पऱ्ह्यांत आणि पऱ्ह्यांतून थेट भातखाचरांत चढतात, तेही अंडी घालायलाच. लहानपणी बत्ती घेऊन आम्हीही गेलो आहोत आणि गाभोळीचं कालवण आवडीने खाल्लं आहे, त्याबद्दल मी कुणाला उपदेश करणार नाही. माझं मागणं फक्त माझ्या पेशातल्या लोकांकडे आहे. गावोगाव आता पाखाड्यांचे रस्ते झाले, प्रत्येक पऱ्ह्यावर ह्यूम पाइप बसले. गेल्या मे महिन्यात सुट्टीवर गेले तेव्हा आमच्या वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या मोऱ्या सवयीने बघत गेले. बहुतेकांची तोंडं पऱ्ह्याच्या तळापासून हातभर वर लटकत होती.

पुढची मोरी बांधाल तेव्हा दोन गोष्टी करा. पाइप पऱ्ह्याच्या रुंदीएवढा घ्या, एक पुरत नसेल तर चौकोनी मोरी करा. आणि तिचा तळ पऱ्ह्याच्या तळापेक्षा निदान फूटभर खाली ठेवा, म्हणजे दगडगोटे आपोआप आत येऊन बसतील. रुंद मोरीला सुरुवातीला खर्च थोडा जास्त येतो, पण ती पुरात तुंबत नाही आणि रस्ताही वाहून जात नाही. अंदाजपत्रकात कारण म्हणून तेवढंच लिहिलंत तरी चालेल.